कवडूमामांनी समोरून पाहिलेलं नाटक

आमच्या भागात कवडूमामांचं टक्कल जेवढं ओळखीचं होतं, तेवढा त्यांचा चेहरा नव्हता. पवनीच्या बाजारात मामा समोरून आले तर माणसं खुशाल बाजूनं निघून जायची. चार पावलं पुढं गेल्यावर सहज मागे वळून पाहिलं की ओरडायची, "अरे, हे तं प्रॉम्प्टर होत!" आणि मग मागून येऊन नमस्कार करायची. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. "देवाच्या पाया लोक समोरून पडते, माह्या मागून," म्हणायचे. "बरं हाय. आशीर्वाद देताना हसू आलं तरी दिसत नाही."

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात आलं, की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. कंपन्या आज या गावी, उद्या त्या गावी. नटांना पाठांतराला वेळ मिळतो तो गाडीत, आणि गाडीत ते झोपतात. म्हणून स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा खणलेला असतो. त्यात ऑर्गनवाला, तबलावाला आणि लोकांकडे पाठ करून, मांडीवर नाटकाची चोपडी घेतलेला प्रॉम्प्टर. तो वाक्य सांगतो, नट ते झेलतो आणि लोकांत फेकतो. आम्हाला यात काही गैर वाटत नाही. बंडी बैलच ओढतात, पण हाकायला धुरकरी लागतोच की.

माझं दिघोरीला बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, माईक, पंखे, नवरदेवाची लाल मखमली खुर्ची, सगळं मिळतं. नवरदेव तेवढा ज्याचा त्यानं आणावा. नाटकाचा तो खड्डाही माझीच माणसं खणायची. त्यामुळे कवडूमामांना मी खड्ड्याबाहेरूनही ओळखत होतो. असं भाग्य फार कमी लोकांना मिळालं.

त्यांचा आवाज म्हणजे एक चीज होती. स्टेजवरच्या नटाला स्पष्ट ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचाला अजिबात नाही. ते कसं जमायचं, कोण जाणे. पण आयुष्यभर तसंच बोलल्यामुळे घरीदारीही ते तसंच बोलत. मामांशी बोलायचं तर माणसाला पुढं वाकावंच लागे. गावातला भलाभला मिशीवाला मामांसमोर वाकून उभा राहिलेला मी पाहिला आहे.

आणि सांगायची सवय सुटत नसे. लग्नात नवरी नाव घेताना अडखळली की मांडवाच्या मागच्या खांबाजवळून पुढची ओळ यायची. शोकसभेत पुढारी "आज आपल्यातून एक... एक..." करत थांबला की मामा म्हणायचे, "आधारस्तंभ." पुढारी "आधारस्तंभ!" म्हणून मोकळा. एकदा दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडत होते. शेजारच्या बांदीत मामा धानाच्या पेंढ्या बांधत बसले होते. थोरला चढून गेला, "तुले तं मी... तुले तं मी..." आणि रागात शब्दच सापडेना. मामांनी मान वर न करता सांगितलं, "जित्ता गाडीन."

"जित्ता गाडीन!" थोरला गरजला.

आता धाकट्याची पाळी. "अन् मी का... मी का..."

"पाहत बसन?" मामा.

"पाहत बसन?" धाकटा.

मग दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. थोरल्यानं विचारलं, "मामा, तुमी आहा कोणाच्या बाजूनं?"

"मी नाटकाच्या बाजूनं गा," मामा म्हणाले. "चालू द्या तुमचं. चांगलं रंगून राह्यलं होतं."

भांडण तिथंच संपलं. हसता हसता भांडत राहणं माणसाला जमत नाही.

या माणसाचं एकच दुःख होतं, आणि ते मला माझ्याच खुर्च्यांमुळे कळलं. एका दुपारी आम्ही एका गावी मांडव घालत होतो. मामा लवकर आले होते. मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ते जाऊन बसले आणि रिकाम्या स्टेजकडे पाहत राहिले.

"इथून चेहरे दिसत असन, नाही का गा?"

"मामा, तुमी तं आजवर सारे नाटकं पाह्यले."

"मी पाय पाह्यले," मामा म्हणाले.

खरंच होतं ते. खड्ड्यातून नाटक दिसतं ते घोट्यापर्यंत. मामा नटांना त्यांच्या पायांवरून ओळखत. नटाचा अंगठा वर उचलला गेला की याचं वाक्य सुटलं, हे मामांना नटाच्या आधी कळायचं. पण ज्या प्रसंगाला हजार माणसं डोळे पुसतात, तेव्हा त्या नटीचा चेहरा कसा होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"एकदा समोरून पाहीन," ते म्हणाले. "नाही तं लोक म्हणतीन, कवडूनं जिंदगीभर नाटक केलन, अन् एकबी पाह्यलन नाही."

"मग पाहा ना. कोण धरलं?"

"मी इथं बसलो तं तिथं कोण बोलन?"

एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. दुसऱ्या कंपनीच्या नाटकाला, परक्या गावात, रीतसर खुर्चीत जाऊन बसले. पहिल्या अंकात तिथल्या प्रॉम्प्टरनं दोनदा उशीर केला. मामांनी दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा ते उठले, रांगेतून वाट काढत गेले आणि खड्ड्यात उतरले. त्या प्रॉम्प्टरनंही बिचाऱ्यानं सरकून जागा दिली. म्हणजे ते नाटकही पाहायचं राहिलंच.

तेव्हा मामांनी ठरवलं की खड्डाच नसलेलं नाटक उभं करायचं. सगळ्यांना तोंडपाठ, प्रॉम्प्टर नको. कंपनीतले नट हसले. "मामा, तोंडपाठ करून राह्यलो तं तुमाले कोण विचारन?" मामाही हसले. पण पोळा झाल्यावर ते आमच्या गावच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर जाऊन उभे राहिले.

त्या पाळीवर रेंज चांगली येते. म्हणून गावची सगळी तरणी पोरंपोरी संध्याकाळी तिथं रांगेनं बसलेली असतात, बगळ्यांसारखी, माना खाली घालून. फरक इतकाच की बगळ्याला अधूनमधून मासा मिळतो. माझा मुलगा प्रज्वलही त्यांत. अकरावीला होता. त्याच्या एका कानात सदा इअरफोन असे, दुसरा कान त्यानं आईबापासाठी राखून ठेवलेला होता, पण तोही क्वचितच उघडा असे.

मामा पाळीवर उभे राहिले. कोणी वर पाहिलं नाही. किराणा दुकानवाल्यांची रोशनी तिथं रील करत होती. एका सिनेमातल्या वाक्यावर ओठ हलवायचे, डोळे मोठे करायचे. मामांनी शेजारी जाऊन आपल्या त्या आवाजात सांगितलं, "पोरी, ओठ मागं राहून राह्यले."

रोशनीची जीभ म्हणजे विळा. ती गर्रकन वळली. "तुमाले काय समजते बुडगोबा यातलं?"

"ओठच समजते," मामा म्हणाले. "बाकी काही समजत नाही."

तिनं रील परत पाहिलं. ओठ खरंच मागे होते. तिला राग आला, आणि रागावलेली माणसं शिकायला बरी. "मग शिकवा," ती म्हणाली. मामांना तेवढंच पाहिजे होतं.

नाटक बहीण-भावाचं होतं. मनासारखं लग्न केलं म्हणून भावानं बहिणीला दार बंद केलं आहे. कितीक वर्षांनी ती भाऊबीजेला दारात येऊन उभी राहते. रोशनी बहीण, प्रज्वल भाऊ, बाकीची पोरं आजूबाजूची. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, भर दुपारी, गावासमोर करायचं ठरलं. पण त्याआधी नवरात्रात शारदेपुढं त्यातला एक प्रवेश करून दाखवावा, असं मंडळानं म्हटलं.

त्या संध्याकाळी मामा स्वतःच्या नाटकाला पहिल्यांदा खुर्चीत बसले. पडदा उघडला. स्टेजवर जो येईल त्याच्या कानांना दुपट्टा गुंडाळलेला. भाऊ, शेजारी, म्हातारा, सगळे. बाहेर घामाच्या धारा. मामा माझ्याकडे वाकले. "गावात थंडी कधी पडली गा?"

पोट्ट्यांनी पाठ केलंच नव्हतं. सगळ्यांच्या कानांत इअरफोन होते, आणि मागं बसून एकजण ग्रुप कॉलवर चोपडी वाचत होता! मला तर अभिमानच वाटला. लबाडीला डोकं लागतं. नाटक बरंच पुढं गेलंही. मग प्रज्वलच्या दुपट्ट्याचा दाब कुठल्याशा बटणावर पडला आणि बाहेरून येत असलेला फोन आपोआप उचलला गेला. फोन त्याच्या आईचा. दारात बहीण रडते आहे, भाऊ पाठमोरा, हळूहळू वळतो, आणि भरल्या गळ्यानं म्हणतो, "ताई... येताना सांभार आणजो. अन् लवकर ये, वरण उतू जाऊन राह्यलं."

मांडव कोसळायचा बाकी राहिला. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. आजही प्रज्वल बाजारात दिसला की कोणीतरी "ताई!" म्हणून हाक मारतो.

मीही हसत होतो. मामाही हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांचे खांदे थांबले. पोरं मान खाली घालून समोर आली तेव्हा मामा म्हणाले, "त्याच्या कानात कोणी होता म्हणून त्यानं हिच्याकडे पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं समजलं असतं, हे रडून राह्यली, हिले कोण सांभार सांगते?"

"चुकलं मामाजी," प्रज्वल म्हणाला.

"तुहं नाही चुकलं बाप्पा." मामा म्हणाले. "मी बी तेच केलो. जिंदगीभर नटाच्या कानात बसून राह्यलो. ते एकमेकांकडे पाहून बोलते असं लोकाले वाटे. ते माह्याकडे कान देऊन बोलत."

त्या दिवसापासून त्यांनी ओळी सांगणं बंद केलं. कोणी अडकला तर अडकू द्यायचा. "शब्द उसना चालते गा, सास उसनी नाही चालत," म्हणायचे. समोरच्यानं सास घेतली, श्वास आत ओढला, की त्याचं बोलणं येतंय हे कळतं, त्यासाठी त्याच्याकडे पाहावं लागतं. पोरं पाहायला शिकेनात. पाहता पाहता हात खिशाकडे जायचा. मामांनी कोणाचा मोबाईल काढून घेतला नाही. "काढून घेतला तं मन त्याच्यामागं जाईन, इथं काय राहीन?"

हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. मामा पोरांना बांदीवर घेऊन गेले. बाया ओळीनं वाकून धान कापत होत्या. मामांनी पोरांना धुऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "करा."

"कोणासमोर?" रोशनी म्हणाली. "त्याईच्या तं पाठी दिसून राह्यल्या."

"म्हणूनच. ज्या बाईचा इळा थांबला, ते तुमची. बाकीच्या धानाच्या."

पहिल्या दिवशी एकही विळा थांबला नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "पोट्टेहो, सावलीत करा ना, उनात काय बोंबलून राह्यले?" दुसऱ्या दिवशीही तेच. कापणारी बाई थांबली की नाही हे पाहायचं तर नजर सतत वर लागते. एका पोरानं घड्याळ पाहायला मोबाईल काढला आणि नेमका तेव्हाच एका बाईचा हात थांबला होता. त्याला दिसलाच नाही, बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या. मग एका दुपारी रोशनी नाटकातल्या दारात उभं राहून काहीच बोलली नाही, नुसती उभी राहिली, आणि ओळीतल्या तीन बाया हळूच सरळ झाल्या. त्या संध्याकाळी ती आमच्या घरी ओरडत आली, "काकाजी, तिघी! तिघी थांबल्या!" पाळीवर त्या आठवड्यात बगळे कमी झाले.

माझ्या घरीही एक चमत्कार झाला. जेवताना प्रज्वल माझ्याकडे टक लावून पाहायला लागला. मी विचारलं, "काय झालं बे?" तो म्हणाला, "बाबा, तुमी खोटं बोलायच्या आधी नाकानं सास घेता." अशा शिक्षणाला मी त्या दिवसापासून उघड विरोध सुरू केला.

मामांच्या गालात फोड होता तो आधीपासूनच. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं येतो तसा, असं सगळे म्हणत. नाटक पहाटेपर्यंत चाललं की जागं राहायला प्रॉम्प्टर काय करणार? खर्रा गालात धरायचा. आता त्यांना तोंड उघडायला त्रास होऊ लागला. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर जिभेत उतरलाय, जीभ काढावी लागेल, आणि तीही लगेच.

मामा मामीला म्हणाले, "मंडई होऊ दे. तोंड गेल्यावर तालीम कशी घेऊ?"

शेवंतामामी आयुष्यात कधी नाटकाला गेली नव्हती. मामांनी दिवसा घरी झोपून जे घोरणं केलं तेवढंच नाटक तिनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुमाले नाटक पाह्याचं हाय का बोलाचं हाय? पाह्याले डोळे लागते."

मामांनी पिशवी भरली. ऑपरेशन झालं. पुढं रेडिएशनचे शेक द्यायचे होते, ते मंडईनंतर. पण पुढं आलेल्या होळीला मामा नव्हते, हे मी इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही.

नागपूरहून आल्यावर ते थेट समाजमंदिरात तालमीला आले. जबड्याभोवती पांढरा रुमाल बांधलेला. पोरं उभी होती, बसली, परत उभी राहिली. आणि मग एकेकाचा हात खिशात गेला. पाहता पाहता सगळ्यांच्या हातांत मोबाईल, सगळ्यांच्या माना खाली. माझा प्रज्वलही. मोबाईलचे पडदे बंदच होते, मला दिसत होतं. खेळ नव्हता, रील नव्हतं, काहीच नव्हतं. त्या चेहऱ्याकडे पाहायला नको म्हणून डोळ्यांना कुठं ठेवायचं, एवढंच होतं ते. माझ्या खिशात मोबाईल नव्हता, म्हणून मी चपलांकडे पाहिलं.

मामांनी टाळी वाजवली. मग रुमालाची गाठ सोडली आणि रुमाल खाली घेतला.

गालाचा एक भाग आत गेला होता, टाके ओठापर्यंत आले होते. मामा एकेकासमोर जाऊन उभे राहिले. घाई नव्हती त्यांना. रोशनीनं पहिल्यांदा मान वर केली. बराच वेळ पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"नाक तं तेच हाय मामाजी," ती म्हणाली. "भाजीतल्या भेंड्यासारखं."

मामांचे खांदे हलले. हसताना दुखत असावं. त्यांनी गाल धरला आणि तरी हसत राहिले. मग सगळ्यांनी पाहिलं.

घरी ते मामीला पाटीवर लिहून सांगत, पण तालमीत त्यांनी पाटी कधी आणली नाही. जे सांगायचं ते भुवयांनी, बोटांनी, सास घेऊन. त्यामुळे झालं असं की एक क्षण नजर हटली तर मामा काय म्हणाले ते गेलंच, परत मिळायचं नाही. त्या पंधरवड्यात मी समाजमंदिरात चहा घेऊन जायचो तेव्हा आत इतकी शांतता असे की मला वाटायचं तालीम संपली. दार ढकलून पाहावं तर सगळी पोरं त्या एका माणसाच्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभी.

मंडईचा दिवस उजाडला. पाळणे, मिठाईची दुकानं, पाहुण्यांनी भरलेली घरं, आजूबाजूच्या गावांतून आलेली गर्दी. स्टेज मी बांधलं. माझ्या माणसांनी सवयीनं खड्ड्यासाठी कुदळ आणली होती, प्रज्वलनं ती परत पाठवली. मधल्या रांगेत मी नवरदेवाची मखमली खुर्ची ठेवली होती. मामांनी ती पाहिली, मला एक चापट मारली, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मखमलीवर मी बसलो. शेवटी कोणीतरी बसायला हवं होतं.

पडदा वर गेला आणि मामा नाटक पाहू लागले.

मी नाटक कमी पाहिलं, मामांना जास्त. त्यांची नजर आधी सवयीनं पायांवर गेली. मग हळूहळू वर आली. एकदा चेहऱ्यावर पोचल्यावर परत खाली गेली नाही. त्यांचे ओठ मात्र प्रत्येक वाक्यावर हलत होते.

मग तो प्रसंग आला. बहीण अर्ध्या उघड्या दारात. भाऊ पाठमोरा. तो वळला. त्याला त्याचं मोठं वाक्य म्हणायचं होतं. प्रज्वलनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मी बाप आहे, मला कळलं. मामांना माझ्याआधी कळलं.

ते उठून उभे राहिले. त्यांनी ते वाक्य सांगितलं. सगळा जोर लावून सांगितलं. जो आवाज कधी पहिल्या रांगेपर्यंत आला नव्हता तो सबंध मांडवात ऐकू आला, पण त्यात शब्द नव्हता. नुसता आवाज. वासराचा येतो तसा.

लोक वळून पाहायला लागले. मागून परगावचा कोणी तरी ओरडला, "अबे बुढ्या, बस ना खाली! दिसून नाही राह्यलं!"

मी वळून त्याला काही बोलणार होतो. मामांनी माझा हात धरला. ते स्टेजकडे पाहत होते. तिथं प्रज्वल आणि रोशनी उभी होती, आणि त्या आवाजावर दोघांपैकी कोणीही इकडे पाहिलं नव्हतं. प्रज्वल रोशनीकडे पाहत होता. रोशनी त्याच्याकडे. ती वाट पाहत होती. तिनं घाई केली नाही, डोळे मोठे केले नाहीत.

"ताई," प्रज्वल म्हणाला, "मले काही सुचून नाही राह्यलं."

हे नाटकात नव्हतं.

रोशनीनं सास घेतली. "तं नको बोलू," ती म्हणाली. "दार तं उघड."

मांडवात बायांनी पदर डोळ्यांना लावले. प्रज्वल रडत होता, खराखुरा. त्यानं दार उघडलं. नाटक पुढं गेलं, आपल्या पायांनी. मामा हळूच खाली बसले. त्यांचे ओठ त्यानंतर हलले नाहीत. उरलेलं नाटक त्यांनी मांडीवर हात ठेवून पाहिलं, कोणीही पाहुणा पाहतो तसं.

संपल्यावर लोक पाळण्यांकडे गेले. माझी माणसं खुर्च्या गोळा करू लागली. मामा उठले नाहीत, म्हणून त्यांच्याभोवतीच्या खुर्च्या उचलल्या गेल्या आणि मोकळ्या मांडवात ते एकटेच बसून राहिले. पोरं तोंडाचा रंग न पुसता धावत आली.

"मामाजी, कसं झालं?" रोशनीनं विचारलं. "समोरून कसं दिसते?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रज्वलकडे. ओठ हलवून काहीतरी म्हणाले.

"चांगलं?" रोशनी म्हणाली.

मामांनी मान हलवली. नाही.

"हळू बोललो?" प्रज्वल.

नाही.

"घरी? घरी जायचं हाय?"

मामांनी पुन्हा ओठ हलवले. सावकाश. ती लांबट काही तरी गोष्ट होती, एका शब्दाची नव्हती. पोरं त्यांच्यासमोर मातीत गुडघ्यांवर बसली. रंगलेले चेहरे, घामानं ओघळलेले, सगळ्यांचे डोळे मामांच्या ओठांवर. एकानं मोबाईल पुढं केला. "मामाजी, याच्यावर लिहा ना."

मामांनी तो हात हळूच बाजूला केला. खुर्चीत पुढं सरकले, रोशनीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले, इतकं हळू की प्रत्येक अक्षराला ओठ थांबत होते.

ती पापणी न हलवता पाहत होती. आम्ही सगळेच पाहत होतो. कोणालाच समजलं नाही, आणि तरी एकाचीही मान खाली गेली नाही.